लाल कोटातली पाठमोरी बाई

हिवाळ्यात चार दिवस मोकळे मिळाले की शहाणी माणसं उन्हाकडे पळतात. लँकशर या इंग्रजी परगण्यातलं ऑकनशॉ हे गाव वर्षातला बहुतेक काळ ओलंच असल्यामुळे तिथल्या लोकांना हे शहाणपण आईच्या दुधातूनच मिळतं. हेडली क्रॉसफील्डला ते मिळालं नव्हतं, किंवा मिळालं असेल तर पहिला कॅमेरा घेतला त्या दिवशी त्याने ते परत केलं असावं. नोव्हेंबर लागला की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसे आणि युरोपातलं कुठलं शहर जानेवारीत सगळ्यात जास्त धुरकट, ओलं आणि रडवेलं असतं याचा शोध घेई. कुणा प्रवाशाने वैतागून लिहिलेलं असे, 'चार दिवसांत सूर्य म्हणून दिसला नाही, सगळे पैसे पाण्यात!' ते वाचून हेडलीचे डोळे लकाकत. त्या शहराच्या नावाखाली तो रेघ ओढी.

नगरपालिकेच्या रस्ते खात्यात त्याची हयात रस्ते मोजण्यात गेली होती. रस्ते काही रुंद झाले नाहीत, पण आधी आखल्याशिवाय कुठलीही गोष्ट करायची नाही ही सवय मात्र हाडात भिनली. सहल तीन रात्रींची, तयारी तीन महिन्यांची. सूर्य नेमका कुठल्या छपरामागून वर येईल, नदीकाठचे दिवे पहाटे केव्हा विझवतात, चर्चच्या मनोऱ्याला दुरुस्तीची परांची तर बांधलेली नाही ना, हे सगळं तो घरबसल्या काढी. परांचीबद्दल तर तो त्या त्या शहराच्या पर्यटन कचेरीला पत्र पाठवी. कचेऱ्या बिचाऱ्या उत्तरात नाताळच्या बाजाराची माहिती पाठवत.

शहर निवडणं हे काही एकट्याच्या मर्जीचं काम नव्हतं. ऑकनशॉ कॅमेरा क्लब दर मंगळवारी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत भरे, आणि तिथे युरोपातल्या शहरांची प्रतवारी ठरलेली होती. व्हेनिसला मुखवट्यांच्या जत्रेत जाणं म्हणजे उथळपणा. प्राग एकेकाळी ठीक होतं, आता पुलावर पुतळे कमी आणि ट्रायपॉड जास्त. टॅलिनला ट्रेव्हर एंटविसल जाऊन आला होता, म्हणजे टॅलिन आता ट्रेव्हरचं. दुसऱ्याने तिथे जाणं म्हणजे शेजाऱ्याच्या परड्यातलं फूल तोडून देवाला वाहण्यासारखं. यंदा हेडलीने ल्युब्ल्याना हेरलं होतं. शहर डोंगरांच्या बशीत बसलेलं, मधून हिरवी नदी, नदीवर पूल, आणि हिवाळ्यात एकदा का धुकं येऊन बसलं की घरजावयासारखं हलायचं नाव नाही. क्लबातलं कोणी तिथे गेलं नव्हतं. नाव उच्चारायचं कसं हेच कोणाला ठाऊक नसल्यामुळे तिकीट मागायची सोय नव्हती.

आणि प्रत्येक शहरात, प्रत्येक पुलावर हेडलीला एक बाई लागे. पाठमोरी, लाल कोटातली, चौकटीच्या उजव्या अंगाला, दूर निघालेली. करडं पाणी, करडं आभाळ, करडे दगड आणि मध्ये तेवढा कुंकवाच्या बोटाएवढा लाल ठिपका. त्या ठिपक्यावाचून फोटोला वीसपैकी पंधरा गुण मिळतात, ठिपक्यासकट एकोणीस. हे क्लबातलं पोरसुद्धा सांगेल, फक्त क्लबात पोर कोणी नाही. सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे.

ती बाई म्हणजे हेडलीची बायको, लिनेट. कोट हेडलीनेच तिला वाढदिवसाला घेऊन दिला होता आणि दुकानात तो तिच्या अंगावर कसा दिसतो हे मागे जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं होतं. तेव्हापासून लिनेटने अर्धा युरोप पायाखाली घातला, बहुतेक एकाच पुलावर पुन्हा पुन्हा.

"त्या खांबापाशी जा. हं. थांब. तोंड तिकडेच. हलू नको."

"किती वेळ?"

"थोडाच. पावलं हलवू नको गं! आता ये परत. नाही, पुन्हा जा, मध्ये सायकलवाला आला."

लिनेट जाई. शाळेच्या कचेरीत पंचवीस वर्षं काढलेली बाई. पोरांच्या रांगा लावण्यात आयुष्य गेलं, तर आता स्वतः रांगेत उभं राहायला हरकत कशाला, असं ती सुरुवातीला हसून म्हणायची. अलीकडे म्हणत नसे. पण जाई.

यंदा मात्र घोडं पेंड खायला लागलं ते ऑक्टोबरातच, प्रवासचित्रांच्या स्पर्धेच्या रात्री.

या स्पर्धेचा एक रिवाज आहे. परीक्षक बाहेरगावचा असतो आणि फोटो कोणाचा हे त्याला सांगत नाहीत. फोटो पडद्यावर येतो, परीक्षक 'या छायाचित्रकाराने' अशी सुरुवात करून त्याचे वाभाडे काढतो, आणि तो छायाचित्रकार तिसऱ्या रांगेत दगडी चेहऱ्याने बसून, हा कोण गाढव बुवा, अशा नजरेने इकडेतिकडे पाहतो. बाकी सगळ्यांना फोटो कोणाचा ते ठाऊक असतंच. पण कोणी ओळख दाखवत नाही. घरात नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायकांसारखा तो एक संयम आहे.

त्या रात्री हेडलीचा ब्रुजचा फोटो पडद्यावर आला. पहाटेचा कालवा, धुक्यातला पूल, पुलावर लाल कोट. मागे चहाच्या टेबलापाशी कप मांडणारी लिनेट हात थांबवून बघू लागली. परीक्षक उंच, सडसडीत, हातात प्रकाशाचा ठिपका पाडणारी कांडी.

"हे बघा," परीक्षक म्हणाला. "या छायाचित्रकाराचं नशीब काय थोर! नेमक्या त्या घटकेला पुलावर ही बाई आली."

"आली की, अकरा वेळा," ट्रेव्हर एंटविसल हेडलीच्या कानाशी पुटपुटला. हेडलीने दगडी चेहरा हलवला नाही.

"आणि चेहरा दिसत नाही, हे त्याहून चांगलं. चेहरा दिसला असता तर हा एका बाईचा फोटो झाला असता. आता ही बाई कोणीही असू शकते." कांडीचा हिरवा ठिपका लिनेटच्या पाठीवरून फिरला. "ती कोण आहे याने काही म्हणजे काही फरक पडत नाही. हीच या चित्राची ताकद. वीस."

वीसपैकी वीस. क्लबाच्या इतिहासात असे आकडे कमी. टाळ्या पडल्या, आणि हेडली इतका हरखला की दगडी चेहरा विसरून उभाच राहिला. मध्यंतरात परीक्षक चहाच्या टेबलापाशी गेला आणि लिनेटला म्हणाला, "दूध अगदी थेंबभर हं." लिनेटने चहा पांढराफटक होईपर्यंत दूध ओतलं आणि गोड हसून कप त्याच्या हातात दिला. परीक्षकाने तिच्याकडे पाहिलं, पण ओळखण्याचा प्रश्न नव्हता. ती समोरून होती.

हे सगळं झाल्यानंतर नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी हेडलीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"ठरलं. ल्युब्ल्याना. तीन पूल एकमेकांना चिकटून, विचार कर! तू मधल्यावर."

"मी नाही येत," लिनेट बटाटे सोलत म्हणाली.

"गुडघा दुखतोय का?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?"

"विमानातल्या वजनाचं म्हणशील तर लेन्सा मीच खिशात घालीन यंदा. तुझ्या पिशवीत नाही देणार."

"हेडली, मी येत नाही म्हटलं."

"पण कारण?"

"त्या शहाण्याने सांगितलं ना, बाई कोणीही चालते. ने कोणालाही." तिने बटाटा पातेल्यात टाकला, तो जरा जोरात पडला. "मी त्या आठवड्यात व्हिटबीला बहिणीकडे जाईन, विनीकडे. तिच्याकडे समोरासमोर बसून जेवतात."

आता एखाद्या साध्या माणसाने या ठिकाणी लॅपटॉप मिटला असता. हेडली रस्ते खात्यातला. रस्त्यात खड्डा दिसला तर त्याला वळसा कसा घालायचा हे तो आधी बघतो. खड्डा का पडला ते बघणारं खातं वेगळं होतं. त्याच्या हिशेबी प्रश्न असा होता: कोट आहे, पूल आहे, बाई नाही. बाई मिळवणे.

त्याने तो प्रश्न मंगळवारी क्लबात ट्रेव्हरपुढे ठेवला. ट्रेव्हर विधुर, मनमोकळा, दुसऱ्याच्या अडचणीत रमणारा.

"माझी मेव्हणी पॉलीन बघ," ट्रेव्हर म्हणाला. "पाठ उत्तम आहे तिची. समोरून जरा भांडखोर दिसते, पण तुला समोरून कुठे घ्यायचीय?"

"येईल ती?"

"विचार. फार तर मारेल."

आणि हेडलीने खरोखर फोन केला. हेतू त्याचा इतका स्वच्छ होता की आपण काय करतोय हे त्याला कळलंच नाही. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुमची उंची किती? कोटाच्या मापाचा प्रश्न होता. पॉलीनने उंची सांगितली, कारण विचारलं, कारण ऐकलं, आणि 'मला सुट्टीत ऊन हवं असतं' एवढं बोलून फोन ठेवला. मग तिने दुसरा फोन केला, तिसरा केला, आणि दुसऱ्या दिवशी लिनेट केस कापायला गेली तेव्हा खुर्चीत बसायच्या आतच तिला सगळं कळलं होतं.

"पॉलीनची उंची विचारलीस म्हणे," घरी येऊन ती म्हणाली.

"कोटासाठी," हेडली म्हणाला.

"कोटासाठी. अर्थात." तिने हातमोजे काढले, एकात एक घातले. "तिला सांग, मोज्यांचे दोन जोड घालायला. तू 'हलू नको' म्हणतोस आणि मग त्या काळ्या डबीत डोळा घातलास की माणूस तिकडे आहे हे विसरतोस."

"ती येत नाहीये."

"मग दुसरी बघ. जग बायकांनी भरलंय, आणि सगळ्यांना पाठ असते."

ती वर गेली. हेडलीला वाटलं होतं ती भांडेल. भांडण त्याला झेपलं असतं. चाळीस वर्षांत भांडणांचे रस्ते त्याने पुरते मोजलेले होते, कुठे वळण आहे, कुठे उतार आहे, सगळं ठाऊक होतं. हा रस्ता नकाशात नव्हता. वरून तिचा विनीशी फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, जानेवारीतली गाडी किती वाजता सुटते वगैरे. ती खरंच जाणार होती. त्याच्याशिवाय, समुद्राकाठी, मासे-बटाटे खायला. आणि पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात आलं की हा प्रश्न बहुधा एका सहलीपुरता नसावा. एकदा का माणसाला वेगळं जायची सवय लागली, की ती सुटायला कठीण असते. ट्रेव्हर एकटाच हिंडतो. रात्री हॉटेलात आपलेच फोटो आपल्याला दाखवतो.

तरीही सवय म्हणजे सवय. एका रविवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर ऑकनशॉत धुकं. असलं तसलं नाही, ल्युब्ल्यानाला लाजवील असं. लिनेट अजून अंथरुणात होती. हेडलीने विचार केला: बाई नाही मिळाली तर नाही. आपणच कोट घालावा, ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवावा, खिशातल्या बिनतारी खटक्याने फोटो काढावा. तालीम करून बघायला काय हरकत आहे? खुंटीवरून त्याने लाल कोट काढला, काखेत मारला आणि कालव्याकडे निघाला.

कालव्यावरच्या दगडी पुलापाशी त्याने कॅमेरा लावला, आसपास कोणी नाही असं बघून कोट चढवला. एक हात गेला. दुसरा घालताना मागे कुठेतरी टर्रकन आवाज झाला, पण वळून आपलीच पाठ बघण्याची सोय देवाने ठेवलेली नाही. बटणं लागण्याचा प्रश्नच नव्हता. पण पुढचं कोणाला दिसणार होतं? तो पुलावर गेला, कॅमेऱ्याकडे पाठ केली, खटका दाबला आणि निश्चल उभा राहिला. पाणी दुधासारखं गुळगुळीत दिसायला हवं तर कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात जे हलेल ते फोटोत उरत नाही. सायकलवाले, कुत्री, बदकं, सगळी विरून जातात. उरतं ते फक्त न हललेलं.

पहिली गोष्ट हेडलीच्या ध्यानात आली ती ही, की गारठा पायांकडून चढतो. दुसरी ही, की झालं की नाही ते कळत नाही. मागे कोणीतरी 'झालं' म्हणेल म्हणून कान टवकारून उभं राहायचं, आणि मागचा काही बोलत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, समोर काहीतरी चाललेलं असतं. पलीकडच्या काठावर एक करडा बगळा उभा होता, थेट त्याच्यासारखाच, हलायचं नाही अशी तंबी मिळाल्यासारखा. बघता बघता त्याने मान फेकली आणि चांगली वीतभर लांब, सापासारखी बाम मासळी उचलली. मासळी त्याच्या चोचीला वेटोळं घालून बसली. बगळा मान झटकतोय, मासळी सोडत नाही. अशी झटापट हेडलीने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. "अगं, बघ तरी!" म्हणत तो गर्रकन मागे वळला.

मागे तीन पायांवर कॅमेरा उभा होता. एकच डोळा, तोही त्याच्याकडे नाही, पुलाकडे.

"काय गं लिनेट, एवढ्या सकाळी?" धुक्यातून आवाज आला. त्यांच्याच गल्लीतली म्युरिएल ग्रीनहाल्ग कुत्र्याला फिरवायला निघाली होती. दोन पावलं पुढे आली आणि थबकली. "अरे देवा. हेडली?"

"तालीम करतोय," हेडली म्हणाला. या शब्दाने काहीच उलगडत नाही हे त्याचं त्यालाही कळलं.

"लिनेट बरी आहे ना?"

"झोपलीय."

"मला लांबून शंका आलीच होती," म्युरिएल म्हणाली. "म्हटलं कोट तिचा, पण आज दोन्ही खांदे सरळ कसे? ती नेहमी डावा खांदा वर धरून चालते ना. अंधारातसुद्धा ओळखते मी तिला पाठीवरून."

"डावा खांदा?"

"म्हणजे काय, तुला ठाऊक नाही?" म्युरिएलने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आपाद ठीक होतं, मस्तकापर्यंत जाताना तिला हसू आवरेना. "चल रे बाबा," ती कुत्र्याला म्हणाली, आणि दोघं धुक्यात गेली. हेडलीला कळून चुकलं की जेवणाच्या वेळेपर्यंत गल्लीत ही बातमी पॉलीनच्या उंचीशेजारी जाऊन बसेल.

त्याने कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फोटो पाहिला. तो हलला होता, त्यामुळे पुलावर माणूस उमटलाच नव्हता. नुसता एक लाल ओघळ होता. कोणाचाही असू शकेल असा. त्याने मनातल्या मनात आपला लिनेटचा फोटो, ब्रुजचा, वीसपैकी वीसवाला, डोळ्यांपुढे आणला. डावा खांदा वर होता. इतका वर, की ती एका अंगाला झुकल्यासारखी दिसत होती. त्याने त्या फोटोवर चार संध्याकाळी काम केलं होतं, दगडांचे रंग बसवले होते, आणि हे त्याला दिसलं नव्हतं. आणि त्याच खांद्यावर वर्षानुवर्षं त्याची लेन्सांची बॅग असते, हे सांगायला म्युरिएलची गरज नव्हती.

घरी पोचला तेव्हा लिनेट स्वयंपाकघरात ओट्सची लापशी ढवळत होती. कॅमेरा बाहेर ठेवून कोट काढायचा प्रयत्न त्याने केला होता, पण अर्ध्यावर अडकला होता; दोन्ही हात मागे बांधल्यासारखे, दंडांपर्यंत लाल. तसाच दारात उभा राहिला.

लिनेटने पाहिलं. मग जवळ येऊन त्याला खांद्याला धरून फिरवलं आणि पाठ पाहिली. मधली शिवण कॉलरपासून कमरेपर्यंत उसवली होती.

ती हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खुर्ची ओढून बसून, मग टेबलावर डोकं ठेवून. हेडली बांधल्या हातांनी उभा होता. बऱ्याच दिवसांत त्याने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि आत्ता कॅमेरा हातात असता तरी काही उपयोग नव्हता, हे त्याला बरं वाटलं.

"अरे, पॉलीनला तरी बरोबर बसला असता!" ती डोळे पुसत म्हणाली. "ये इकडे, गाढवा."

तिने ओढून ओढून त्याला कोटातून काढलं. तो खुर्चीत बसला. लापशी करपत होती, तिने गॅस बंद केला.

"कालव्यावर एक बगळा आहे," हेडली म्हणाला. "बाम मासळी पकडली त्याने. चोचीला वेटोळं घातलं तिनं. मी तुला हाक मारली."

"मी तिथे होते का?"

"नव्हतीस."

 लिनेटने दोन वाडग्यांत लापशी वाढली, करपलेली खालची त्याला, वरची स्वतःला.

"तिकडे तोंड करून उभं राहिलं की दिसतं बरंच काही," तो म्हणाला.

"दिसतं ना."

"तुला काय दिसायचं?"

तिने चमचा थांबवला. हा प्रश्न खरा आहे की फोटोपुरता, हे ती पाहत असावी. मग म्हणाली, "कुठलं विचारतोस?"

"ब्रुजचं."

"ब्रुजला पुलाच्या टोकाला खिडकी होती. खालच्या मजल्यावर, पिवळा दिवा. आत एक म्हातारा दाढी करत असायचा. पहिल्या दिवशी मला बघून त्याने पडदा ओढला. मी तरी काय करणार, तू हलू देत नव्हतास. दुसऱ्या दिवशी पडदा नाही ओढला. तिसऱ्या दिवशी मी पुलावर आले आणि त्याने फेसाचा ब्रश असा वर केला." तिने चमचा वर केला, एखाद्या राजाला सलामी द्यावी तसा. "अर्ध्या गालाला साबण. मी हसले. तू मागून ओरडलास, खांदे हलतात म्हणून."

हेडलीने चमचा खाली ठेवला.

"ती खिडकी," तो म्हणाला, "फोटोच्या कडेला होती. उजेड नजर खेचत होता. मी ती काळी केली."

"ठाऊक आहे मला. जिन्यात टांगलाय ना फोटो. येताजाता बघते मी."

"तू बोलली नाहीस कधी."

"तू विचारलं नाहीस. आणि वीसपैकी वीस मिळालेल्या फोटोत म्हातारा राहून गेला म्हणून कुठे तक्रार करायची?"

 कोट टेबलाच्या कोपऱ्यावर पडला होता. लिनेटने तो उचलला, उसवलेल्या भागातून हात घालून बघितला आणि शिवायच्या टोपलीकडे न नेता सरळ चिंध्यांच्या पिशवीत कोंबला.

"तिथे धुकं असतं म्हणालास," ती म्हणाली. "दिवसभर?"

"दिवसभर. पण शहराबाहेर टेकडी आहे म्हणे. वर चढलं की धुक्याच्या वर ऊन. तिथले लोक सुट्टीच्या दिवशी वर जाऊन सूप पीत बसतात." हे त्याने सगळ्यात आधी वाचलं होतं आणि निरुपयोगी म्हणून सोडून दिलं होतं.

"मग मला तिथे जायचंय. तू खाली कर तुझं काय ते, पहाटे. मी उभी राहणार नाही, पिशवी धरणार नाही, लांबून हातही करणार नाही. दुपारी वर ये. माझ्यासमोर बस."

"कॅमेरा?"

"आण की. कॅमेऱ्याशी माझं कुठे भांडण आहे?"

"लाल काही नसलं तर पंधराच मिळतील," हेडली म्हणाला. शपथेवर सांगायचं तर त्याला तसं म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. लिनेटने भुवई वर केली. तो म्हणाला, "पंधरा वाईट नाहीत."

"दोन तिकिटं काढ," ती म्हणाली. "विनीला मी सांगते."

त्याने लगेच लॅपटॉप पुढे ओढला, तिचं मन बदलायच्या आत. तारखा भरल्या, नावं भरली, जन्मसाल भरलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानसं घड्याळ उलटं धावू लागलं. तेवढ्या वेळात पुढचं भरलं नाही तर सगळं पुसलं जाणार होतं. तो सामानाच्या रकान्यापाशी आला होता, तेव्हा लिनेट वाडगे उचलता उचलता म्हणाली, "ब्रुजचं काहीच नाही. क्राकोव्हला तू मला त्या चौकात उभी केली होतीस ना, बर्फात? तिथे तर खरी गंमत झाली. समोरच्या चर्चमधून एक लग्न बाहेर आलं..."

हेडलीने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. फार उरलं नव्हतं. जन्मभर त्याने असली घड्याळं चुकू दिली नव्हती. क्राकोव्हच्या त्या चौकातला फोटो त्याला चांगला आठवत होता: रिकामा चौक, बर्फ, एक लाल ठिपका. लग्न त्यात नव्हतं. लग्न हललं असणार.

"नवरी रडत होती," लिनेट सांगत होती, "आणि नवरदेवाच्या हातात बूट. स्वतःचा नाही, बाईचा. एकच."

पान पांढरं झालं. आपली वेळ संपली आहे, कृपया पहिल्यापासून सुरुवात करावी, असं त्यावर उमटलं. हेडलीने लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं, तिला आवाज जाऊ नये इतकं हळू.

"मग?" तो म्हणाला.